एक एकर विकण्याआधी: बापाची कमाई आणि पोरांची कमाई

पत्र : आमचं गाव चोपडा तालुक्यात. सव्वाचार एकर जमीन. दीड एकरात विहिरीच्या पाण्यावर केळी, बाकी कापूस. खर्च जाऊन वर्षाला दीड-दोन लाख हातात राहतात; बोंडअळी आली किंवा केळीचा भाव पडला तर तेवढेही नाहीत. मुलगी दहावीला आहे, गणित-विज्ञानात चांगली. मुलगा चौथीत, जिल्हा परिषदेच्या शाळेत. पुण्याचे मेव्हणे म्हणतात, बाप जेवढं कमावतो त्यावरच पोरांची कमाई ठरते, हे आता अभ्यासातून सिद्ध झालंय, म्हणून आत्ताच काहीतरी मोठं करा. एक एकर विकून मुलीला दोन वर्षं लातूरला नीटच्या क्लासला ठेवावं का? राहण्या-खाण्यासकट साडेचार लाख सांगतात. की शेती बटाईने देऊन सगळ्यांनीच जळगावला यावं? मी एमआयडीसीत काम पाहीन. माझी गरिबी पोरांच्या वाट्याला येऊ नये, एवढंच वाटतं.

उत्तर :

भाऊ, आधी सरळ उत्तर. एकर विकू नका आणि या कारणासाठी जळगावला हलू नका. मेव्हण्यांनी सांगितलं ते खोटं नाही, पण त्यातून त्यांनी काढलेला सल्ला चुकीचा आहे.

बापाच्या कमाईचा मुलांच्या कमाईशी संबंध आहे आणि तो मोजलेला आहे. बाप सरासरीच्या जितका खाली, त्या तफावतीतला किती भाग पोरांपर्यंत पोहोचतो, असा तो हिशेब असतो. डेन्मार्कमध्ये हा भाग साधारण १५ टक्के आहे, अमेरिकेत जवळपास निम्मा. ओईसीडी या देशांच्या संघटनेने २०१८ च्या अहवालात हेच पिढ्यांत मांडलं: तळच्या दहा टक्क्यांतल्या घराला देशाच्या सरासरी उत्पन्नापर्यंत यायला डेन्मार्कमध्ये २ पिढ्या लागतील, भारतात ७. मेव्हण्यांच्या कानावर बहुतेक हाच आकडा आला असावा.

पण गरीब बाप तिकडेही आहेत आणि इकडेही, तरी आकडे वेगळे येतात. एकाच देशातही फरक पडतो. अर्थतज्ज्ञ राज चेट्टी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये अमेरिकेतल्या सुमारे ४ कोटी मुलांची आणि त्यांच्या आईबापांची कमाई पडताळली. तळच्या पाचव्या हिश्श्यातल्या घरातून वरच्या पाचव्या हिश्श्यात पोहोचणारी मुलं शार्लट शहरात ४.४ टक्के निघाली, सॅन होजेत १२.९ टक्के. म्हणजे बापाच्या खिशातून थेट पोराच्या खिशात काही जात नाही. मध्ये काही वाटा आहेत: लहानपणचं खाणं आणि आजारपण, वाचता येणं, शाळा मध्येच सुटणं, कुठला कोर्स घ्यावा हे सांगणारं कोणी असणं, आणि पहिली नोकरी लागेपर्यंत थांबण्याची ऐपत. प्रत्येक वाटेचं वय ठरलेलं आहे. त्या वयात थोडा पैसा लागला तरी काम होतं, वय गेल्यावर लाख ओतले तरी फार हाती लागत नाही.

सगळ्यात पक्का पुरावा अगदी लहान वयाचा आहे. ग्वाटेमालात १९६९ ते १९७७ या काळात काही गावांतल्या मुलांना प्रथिनांचं पौष्टिक पेय दिलं आणि काहींना साधं सरबत. दोन वर्षांच्या आत ज्यांना ते पौष्टिक पेय मिळालं, त्या मुलग्यांची मोठेपणीची तासाची मजुरी ४६ टक्के जास्त भरली. तुमची मुलं या वयाच्या पुढे गेली आहेत, म्हणून इथे थांबत नाही. घरात भावाचं, पुतण्याचं तान्हं बाळ असेल तर मात्र अंगणवाडीचा आहार आणि लसीकरणाचं कार्ड नीट सांभाळा.

तुमच्या दोघांसाठी तब्येतीचं एकेकच काम आहे, आणि दोन्ही जवळजवळ फुकट. मुलाला वर्षातून दोनदा शाळेत मिळणारी जंताची गोळी चुकवू देऊ नका. ती चावून खायची असते. त्या दिवशी गैरहजर राहिला तर पुढच्या आठवड्यात राहिलेल्या मुलांसाठी पुन्हा गोळी देतात, तेव्हा द्या. केनियात शाळेतून दोन-तीन वर्षं जास्त ही गोळी मिळालेल्या मुलांची कमाई वीस वर्षांनी तासाला १३ टक्के जास्त निघाली. मुलीचं हिमोग्लोबिन ग्रामीण रुग्णालयात तपासून घ्या. १२ च्या खाली असेल तर अभ्यासात लक्ष न लागण्याचं कारण आळस नसून रक्त असू शकतं. लोहाची निळी गोळी एरवी आठवड्याला एक, हिमोग्लोबिन कमी निघालं तर डॉक्टर सांगतील तशी; जेवणानंतर, लिंबू पिळलेल्या पाण्यासोबत. चहासोबत घेतली तर लोह नीट अंगी लागत नाही.

आता मुलाचं वाचन, कारण त्याचं वय आत्ता या वाटेवर आहे. असर या शालेय शिक्षणाच्या २०२४ च्या सर्वेक्षणात देशातल्या पाचवीच्या ग्रामीण मुलांपैकी निम्म्याहून कमी मुलांना दुसरीच्या पातळीचा धडा वाचता आला. तुमच्या मुलाला तो वाचता येतो का, हे आज रात्रीच कळेल. दुसरीच्या पुस्तकातला त्याने न पाठ केलेला परिच्छेद मोठ्याने वाचायला द्या. मग हातच्याचं वजाबाकीचं एक गणित, ५२ वजा २७ असं, आणि तीन अंकी संख्येला एका अंकाने भागायचं एक, ८४३ भागिले ६ असं. वाचताना अक्षराला अक्षर जोडत असेल किंवा भागाकार अडत असेल, तर चौथीचा अभ्यास बाजूला ठेवून तो जिथे अडला त्या पातळीवर या. रोज वीस मिनिटं मोठ्याने वाचायचं आणि पाच गणितं, दोन-तीन महिने. शिकवणीवाल्याकडे पाठवलंत तरी हेच सांगा, नाहीतर तो चौथीची प्रश्नोत्तरंच लिहून देईल. घरी बोली बोलतो म्हणून मागे पडेल, ही भीती सोडा, आणि त्या भीतीने इंग्रजी शाळेच्या पिवळ्या बसमध्येही बसवू नका. ज्याला मराठी ओळ वाचून अर्थ सांगता येत नाही, तो इंग्रजी ओळ पाठच करणार.

वाचन जमलं की पाचवीत गेल्यावर नवोदयचा अर्ज भरा. जिल्ह्याच्या नवोदय विद्यालयात सहावीला जास्तीत जास्त ८० मुलं घेतात, त्यातल्या किमान तीन चतुर्थांश जागा ग्रामीण मुलांना. बारावीपर्यंत राहणं-खाणं तिथेच. परीक्षा दोन तासांची, ८० प्रश्नांची, त्यातले ४० बुद्धिमत्तेचे. संधी एकदाच मिळते. नाही जमलं तर आठवीत एनएमएमएस ही शिष्यवृत्तीची परीक्षा आहे: घरचं उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत असेल आणि मूल जिल्हा परिषद किंवा अनुदानित शाळेत असेल, तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये. मुलाला आठवीआधी खासगी विनाअनुदानित शाळेत घातलंत तर हा हक्क जातो. शाळा बदलताना हे कोणी सांगत नाही.

पैशाकडे येऊ, कारण तुमचा खरा प्रश्न तिथे आहे, आणि तो किती पैसा यापेक्षा कधी पैसा याचा आहे.

कापूस दिवाळीनंतर विकला जातो, केळीचा घड कापला जाईल तेव्हा. फी, वह्या, बस पास, प्रवेश हे सगळं जून-जुलैत, नेमकं बियाणं-खत घ्यायच्या वेळी. त्या दोन महिन्यांत घेतलेले निर्णय घराला महाग पडतात. सावकाराचे पैसे तेव्हाच येतात, मुलीचा प्रवेश «पुढच्या वर्षी बघू» तेव्हाच होतो. तमिळनाडूतल्या ऊस शेतकऱ्यांवरचा २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो, की तेच शेतकरी तोडणीआधीच्या तंगीच्या काळात विचाराच्या चाचण्यांत कमी पडले आणि तोडणीनंतर पैसा आल्यावर सावरले. अक्कल तीच होती, डोक्यावर उधारीचा भार होता.

अमेरिकेत चेरोकी जमातीच्या घरांना १९९० च्या दशकाच्या शेवटापासून जमातीच्या कॅसिनोच्या नफ्यातून दरवर्षी काही हजार डॉलर मिळू लागले. सगळ्यात गरीब घरांतली मुलं २१ वर्षांची होईपर्यंत साधारण एक वर्ष जास्त शिकली, आणि आईबापांचं पोरांशी वागणंही सुधारलं. त्याच्या उलट स्वीडनमध्ये लॉटरी लागलेल्या घरांच्या मुलांत फारसा फरक दिसला नाही. तिथे दवाखाना आणि शाळा आधीच सगळ्यांना मिळत होत्या, वरून आलेल्या ढिगाने नवं काय होणार? यातून आम्ही एवढंच घेतो, की गरीब घरात दरवर्षी न चुकता येणारा छोटा पैसा पोरांच्या कामी येतो आणि एकरकमी मोठ्या पैशाचा भरवसा धरता येत नाही. ठिबकवर वाढलेल्या केळीला एक दिवस पाटाने भरपूर पाणी देऊन पुढे महिनाभर बंद केलं तर घड कसा येतो, ते तुम्हाला सांगायला नको.

म्हणून तुमच्या एकराची किंमत बाजारभावाने नका मोजू. कोरडवाहू कापसाचा एकर वर्षाला २५ हजार सोडत असेल, तर मुलगा वीस वर्षांचा होईपर्यंतच्या ११ वर्षांत ते पावणेतीन लाख होतात, आणि ते नेमके त्याच्या शाळेच्या वर्षांत येतात. शिवाय पीककर्जाची मर्यादा एकरावर ठरते, एकर गेला की तीही उतरते. आणि साडेचार लाख क्लासला दिल्यावर विक्रीतले उरलेले पैसे घर, लग्न, गाडी यांत जातात. हे टोचेल, पण गावोगाव हेच होतं.

त्याऐवजी या हंगामापासून दोन क्विंटल कापूस पोरांच्या नावाने बाजूला काढा. २०२५-२६ च्या हंगामाचा लांब धाग्याचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये होता. खेडा खरेदीत कमी मिळाला तरी दोन क्विंटलचे साधारण चौदा-पंधरा हजार होतात. ते डिसेंबरात बँकेत १८० दिवसांच्या मुदत ठेवीत टाका, म्हणजे जूनमध्ये सुटतील. बचत खात्यात ठेवले तर फवारणीत जातील. भाव वाढेल म्हणून घरात कापूस साठवायची आपल्याकडे सवय आहे, तो जुगार उरलेल्या कापसावर खेळा, या दोन क्विंटलवर नाही. केळीचा पैसा आला की एका कापणीच्या रकमेतला ठरावीक वाटा याच ठेवीत घाला. आणि पीककर्जाचे पैसे फीला वापरू नका. वर्षाच्या आत परतफेड झाली नाही तर व्याजाची सवलत जाते, आणि पुढच्या जूनला बियाण्यालाच कर्ज मिळत नाही.

आता मुलगी. लातूरच्या क्लासची तक्रार नाही, पण गणित पाहा. २०२४ मध्ये नीटला २३ लाखांहून जास्त मुलं बसली. देशात एमबीबीएसच्या सगळ्या जागा तेव्हा मिळून सव्वा लाखाच्या आत होत्या, आणि तुमच्यासारख्या घराला परवडतील अशा सरकारी जागा त्यातल्या साधारण निम्म्या. क्लासच्या फीसाठी बँका सहसा शैक्षणिक कर्जही देत नाहीत, म्हणजे जोखीम पूर्ण तुमची. तिला डॉक्टरच व्हायचं असेल, हे तिने स्वतः सांगितलं असेल, तर अकरावी-बारावी सायन्स तालुक्यातच करू द्या, नीट आणि सीईटी दोन्हींचे अर्ज भरा, आणि पहिल्या प्रयत्नात सरकारी जागेच्या जवळ गुण आले तरच एक वर्ष क्लासला द्या. तेव्हा खर्च निम्मा आणि निर्णय डोळसपणे.

पण आम्हाला विचाराल तर तिच्या मार्कांना आणि तुमच्या पैशाच्या चालीला दहावीनंतरचा तीन वर्षांचा डिप्लोमा जास्त बसतो. जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्ही ठिकाणी शासकीय तंत्रनिकेतन आहे. इलेक्ट्रिकल किंवा कॉम्प्युटरचा डिप्लोमा झाला की अठराव्या-एकोणिसाव्या वर्षी नोकरीचा पर्याय हातात असतो, आणि मार्क चांगले असतील तर इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो. जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि ओबीसी प्रवर्गातल्या, घरचं उत्पन्न ८ लाखांच्या आत असलेल्या मुलींचं व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. अट एकच आणि तिथेच घात होतो: प्रवेश सरकारच्या केंद्रीभूत प्रवेश फेरीतूनच हवा. एखादा एजंट «सीट पक्की करून देतो» म्हणाला आणि व्यवस्थापन कोट्यातून प्रवेश झाला, की माफी गेली. अनुसूचित जाती-जमातींसाठी शिष्यवृत्त्या वेगळ्या आहेत, त्यांचे अर्जही महाडीबीटी या राज्याच्या संकेतस्थळावरच.

मराठी माध्यमाची मुलं डिप्लोमात पहिल्या सत्रातच, गणित आणि इंग्रजीत अडतात, आणि एकदा विषय राहिला की मागे मागे पडत जातात. दहावीची परीक्षा संपल्यापासून जूनपर्यंत अडीच महिने रिकामे असतात. त्या दिवसांत तिच्याकडून बीजगणित, त्रिकोणमिती आणि रोज इंग्रजीचं एक पान करून घ्या. मराठी-इंग्रजी दोन्ही भाषांत शिकवण्याची सोय आहे का, हे प्रवेश घेताना संस्थेत विचारा.

पुढे पदवीसाठी पैसे कमी पडले तर शैक्षणिक कर्ज घ्या, जमीन तारण न ठेवता. चार लाखांपर्यंत बँका तारण मागत नाहीत, आणि साडेसात लाखांपर्यंतचं कर्ज केंद्राच्या पतहमी निधीतून तारणाशिवाय होऊ शकतं. उत्पन्न साडेचार लाखांच्या आत असेल तर मान्यताप्राप्त व्यावसायिक अभ्यासक्रमासाठी शिकत असतानाचं आणि पुढच्या एका वर्षाचं व्याज केंद्र सरकार भरतं. पण त्यासाठी वेगळा अर्ज करावा लागतो. अर्ज केला नाही तर बँक व्याज लावत राहते.

जळगावला जाण्याबद्दल. अमेरिकेत १९९४ पासून गरीब वस्तीतल्या कुटुंबांना चांगल्या वस्तीत जायला मदत दिली गेली. तेरा वर्षांच्या आत जे मूल हललं, त्याची विशीतली कमाई सुमारे ३१ टक्के जास्त निघाली. त्याहून मोठ्या मुलांना फायदा झाला नाही, झालं तर थोडं नुकसानच, कारण ऐन वयात शाळा आणि सोबती सुटले. तुमच्याकडे मुलगी पंधराची, मुलगा नऊचा. मुलासाठी फायदा झाला असता, पण तिथली कुटुंबं चांगल्या वस्तीत गेली होती, आणि तुम्ही जाल ते एमआयडीसीजवळच्या एका खोलीत, बटाईच्या अर्ध्या उत्पन्नावर आणि ठेकेदाराच्या रोजावर. तिथली शाळा गावच्या शाळेहून बरी असेलच असं नाही. मुलासाठी घर न हलवता वस्ती बदलायची असेल तर नवोदय हीच ती वाट आहे.

ओळखीची वाट राहिली. २०२२ मध्ये चेट्टींच्याच गटाने दाखवलं, की गरीब घरातली मुलं जिथे बऱ्या परिस्थितीतल्या लोकांत मिसळून वाढतात, तिथे त्यांची मोठेपणीची कमाई सरासरी २० टक्क्यांनी वाढू शकते. तुमच्या गावची माणसं भुसावळच्या रेल्वेत, वरणगावच्या आयुध कारखान्यात, दीपनगरच्या वीज केंद्रात, चाकणला, सुरतला असतीलच. त्यांतल्या तिघांशी मुलीला स्वतः फोनवर बोलू द्या. त्यांना विचारायचं: तुमच्याकडे कुठला कोर्स झालेली पोरं घेतात, पहिल्या वर्षी किती देतात, भरतीची जाहिरात कुठे येते? मेव्हण्यांनाही हेच काम द्या, मोठे सल्ले देण्यापेक्षा ते उपयोगाचं आहे. आणि डिप्लोमाच्या तिसऱ्या वर्षापर्यंत चाळीस हजार वेगळे साठवा, खोलीच्या डिपॉझिटचे आणि पाच-सहा महिन्यांच्या मेसचे. खेड्यातली मुलं पुण्याहून दोन महिन्यांत परततात ती बहुतेक वेळा नोकरी न मिळाल्यामुळे नव्हे, तर मिळेपर्यंत राहायला पैसे नसल्यामुळे, आणि मग हाताला येईल ते काम धरतात. त्या पहिल्या पगारावर पुढचा पगार ठरत जातो.

कागदं मात्र परीक्षेआधी गोळा करा, निकालानंतर सेतू केंद्रावर रांग लागते. तलाठ्याकडून उत्पन्नाचा अहवाल आणि तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला एप्रिलमध्ये काढा, म्हणजे तो संपलेल्या आर्थिक वर्षाचा निघेल. जुन्या वर्षाचा दाखला लावला की महाडीबीटीवर अर्ज परत येतो. रहिवासी दाखला, लागू असेल तर जातीचा दाखला आणि नॉन-क्रीमीलेअर. राखीव जागेवर प्रवेश घ्यायचा तर जात पडताळणीही लागेल. ओबीसी असाल तर १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा पुरावा मागतात, बहुधा आजोबा-पणजोबांच्या शाळेच्या दाखल्याचा किंवा गाव नमुन्यातल्या नोंदीचा उतारा. तो शोधायला आत्तापासून लागा, यात महिने जातात. मुलीचं नाव आधारवर आणि शाळेच्या दाखल्यावर अक्षर न् अक्षर सारखं आहे का पाहा, आणि तिचं बँक खातं आधारला जोडलेलं आहे का, हे पासबुक घेऊन बँकेत विचारा. जोडलेलं खातं दुसरंच निघालं तर शिष्यवृत्ती त्या खात्यात जाते आणि मुलगी वर्षभर महाडीबीटीवर «मंजूर» बघत बसते.